‘थोडासाच करंट येतो’ हे ऐकून गप्प बसू नका

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी ठरल्यासारखी येते. कपडे वाळत घालताना तारेत वीजप्रवाह उतरून एका महिलेचा मृत्यू होतो आणि तिला सोडवायला धावलेला मुलगा किंवा नवराही तिच्यासोबत जातो. उन्हाळ्यात याच जागी कुलरची बातमी असते. मी तेहतीस वर्षे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून काम केले आणि या काळात अशा अपघातांनंतर शेजारी म्हणून, नातेवाईक म्हणून किंवा जाणकार म्हणून अनेक घरांत जाऊन आलो. त्या प्रत्येक घरात मी एकच प्रश्न विचारत आलो आहे, की याआधी कधी कुणाला तिथे मुंग्या आल्या होत्या का. उत्तर बहुतेक वेळा एकच मिळते: ‘हो, थोडासा करंट यायचा, पण एवढा नाही.’ या एका वाक्याबद्दल मला आपल्या वाचकांशी बोलायचे आहे.

गेल्या वर्षी आषाढात बाळापूर तालुक्यातील एका गावी मी माझ्या धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. तिची सून अंगणात कपडे वाळत घालत होती आणि प्रत्येक कपडा तारेवर लांबूनच भिरकावत होती. मी कारण विचारले, तर ती सहज म्हणाली, ‘‘मामा, तारेला थोडासाच करंट येतो. चप्पल घातली की काही होत नाही.’’ ती जी.आय. (जस्त चढवलेली लोखंडी) तार एका टोकाला कडुनिंबाला आणि दुसऱ्या टोकाला न्हाणीघराच्या पत्र्याच्या लोखंडी अँगलला बांधलेली होती. मी टेस्टर लावला, तो पेटला. मग मल्टिमीटरची एक पिन तारेला आणि दुसरी ओल्या मातीत खोचलेल्या सळईला लावली, तेव्हा आकडा १८० व्होल्टच्या वर गेला. त्या तारेवर त्या क्षणी माझ्या नातीचे फ्रॉक वाळत होते आणि ती स्वतः चार हातांवर अनवाणी खेळत होती.

मेन स्विच बंद करून शोध घेतला. न्हाणीघरातल्या दिव्याची वायर भिंत आणि पत्रा यांच्या फटीतून आत नेली होती; वाऱ्याने पत्रा हलायचा आणि त्याच्या धारेने वायरीवरचे प्लास्टिक कापून आतले तांबे उघडे केले होते. दिव्याचे बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या वायरीवर) होते, त्यामुळे दिवा बंद असतानाही पत्रा, अँगल आणि कपड्यांची तार रात्रंदिवस जिवंत होती. याहून गंभीर गोष्ट पुढे कळली. त्याच्या आदल्या वर्षीही त्या तारेला असाच करंट यायचा. तेव्हा गावातल्या एका वायरिंग करणाऱ्याला बोलावले होते आणि त्याने दिव्याच्या बोर्डातल्या दोन वायरींची अदलाबदल करून दिली होती. मुंग्या थांबल्या, सगळ्यांना वाटले काम झाले. प्रत्यक्षात कापलेली वायर तशीच पत्र्याला टेकून होती. फक्त तिच्यातून फेजऐवजी न्यूट्रल जाऊ लागला होता. गेल्या वर्षी वादळात खांबावरची जोडणी तुटली, ती पुन्हा जोडताना फेज आणि न्यूट्रल उलटे झाले आणि पत्र्यावर फेज परत आला. दोष एक वर्षभर घरातच होता. हा ‘वायर उलटी करण्याचा’ उपाय मी गावोगावी पाहिला आहे आणि तो करणाऱ्यांपैकी अनेकांना आपण काही चुकीचे करतो आहोत याची कल्पनाही नसते, म्हणून तो इथे मुद्दाम सविस्तर सांगितला.

आता ‘थोडासा’ या शब्दाकडे येतो. घरातल्या फेजचा दाब २३० व्होल्टच असतो. मुंग्या येतील की माणूस जागीच जाईल, हे त्याच्या त्वचेचा ओलेपणा, पायातली चप्पल, फरशी किंवा जमीन कोरडी आहे की ओली, यावर ठरते. कोरड्या हाताचा आणि रबरी चपलेचा अडथळा मोठा असतो, त्यामुळे शरीरातून एखादा मिलिअँपिअर (अँपिअरचा हजारावा भाग) जातो आणि आपल्याला झिणझिण्या जाणवतात. हात ओले, पाय अनवाणी आणि जमीन चिखलाची असेल, तर शरीराचा अडथळा हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो आणि त्याच तारेतून, त्याच दोषामुळे शरीरातून दोनशेहून अधिक मिलिअँपिअर वाहू शकतात. साधारण दहा मिलिअँपिअरपासून पुढे हाताचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ‘करंटने ओढून धरले’ असे आपण म्हणतो ते हेच. तीस मिलिअँपिअरच्या पुढे, प्रवाह काही काळ टिकला तर, हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. म्हणजे मंगळवारी ज्या तारेने बोटाला मुंग्या आणल्या, तीच तार बुधवारी पाऊस पडल्यावर जीव घेऊ शकते आणि मधल्या काळात तिच्यात काहीही बदललेले नसते.

बहुतेक घरांत आज किटकॅट फ्यूज जाऊन एमसीबी आले आहेत आणि त्यामुळे आपण सुरक्षित झालो असा समज पसरला आहे. एमसीबी हवाच, पण तो वायरीचे रक्षण करतो. भार जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झाले तर वायर तापून पेटू नये, हे त्याचे काम. सहा अँपिअरचा एमसीबी सहा अँपिअर निमूटपणे जाऊ देतो आणि माणसाला मारायला त्याच्या दोनशेव्या भागाइतका, म्हणजे तीस मिलिअँपिअरच्या आगेमागे असलेला प्रवाह पुरू शकतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसासाठी असलेले उपकरण वेगळे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात, जुनी माणसे ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांचा तो अखंड हिशेब ठेवतो. गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे कुठेतरी पत्र्यातून, भिंतीतून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीत उतरला, हे ओळखून तो डोळ्याचे पाते लवण्याच्या अवधीत पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचेही मिळतात, पण त्यांचा उपयोग मुख्यतः आगीपासून संरक्षणासाठी आहे, माणसासाठी तेवढा भरवसा त्यांच्यावर ठेवता येत नाही.

‘आमच्याकडे अर्थिंग आहे’ हे उत्तर मला नेहमी मिळते. अर्थिंग, म्हणजे उपकरणाची धातूची पेटी जमिनीशी जोडणारी वायर, अत्यावश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. पण एक हिशेब करून पाहावा. समजा, घराच्या अर्थिंगचा अडथळा १० ओहम आहे, जो खेडेगावात चांगलाच म्हणावा लागेल. कुलरच्या लोखंडी पेटीला फेज टेकला, तर अर्थिंगमधून जास्तीत जास्त २३ अँपिअर वाहतील. मेन एमसीबी ३२ अँपिअरचा असेल तर तो पडणारच नाही, म्हणजे पुरवठा तोडणारच नाही, आणि १६ अँपिअरचाही पडायला बराच वेळ घेऊ शकतो. आमच्या भागातली काळी जमीन वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते, अर्थिंगच्या प्लेटभोवतीचा मीठ-कोळसा कोरडा पडतो, वर्षानुवर्षे त्या खड्ड्यात कोणी तांब्याभर पाणी घातलेले नसते आणि अडथळा ५० ओहमवर गेला तर प्रवाह पाच अँपिअरच्याही आत येतो. कुठलाच एमसीबी पडत नाही आणि कुलरच्या पेटीवर जवळजवळ सगळा दाब तसाच उभा राहतो. ज्या महिन्यात कुलर सर्वांत जास्त चालतो, त्याच महिन्यात अर्थिंग सर्वांत कमकुवत असते. आरसीसीबीला मात्र ५० ओहमने काहीच फरक पडत नाही, कारण त्याला तीस मिलिअँपिअर पुरतात. दोन्ही एकत्र असतील तर पेटीला करंट उतरताच, कोणाचा हात लागण्याआधीच, तो पडतो. अर्थिंग नसलेल्या घरात तो माणसाचा हात लागल्यावर पडेल, म्हणजे झटका बसेल, पण सुटका होण्याची शक्यता फार मोठी असते.

बहिणीच्या घरी वायर नव्या पाइपातून ओढल्यावर आम्ही आरसीसीबी बसवला, तर तो वर राहीना. जो वायरमन मदतीला होता त्याने लगेच सुचवले, ‘हा उगाच पडतो, बायपास करून टाकू.’ हे वाक्यही मी शेकडो वेळा ऐकले आहे आणि शहरातल्या चांगल्या सोसायट्यांत मी असे बायपास केलेले आरसीसीबी पाहिले आहेत: डबा जागेवर, दांडी वर, पण वायरी मागून सरळ जोडलेल्या. रात्री कुत्रा भुंकला तर आपण अंगणात कोण आले ते पाहतो, कुत्र्याचे तोंड बांधत नाही. आम्ही एकेक वायर सोडवून तपासत गेलो आणि पाण्याच्या मोटारीचे वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) दमट होऊन त्यातून करंट गळत असल्याचे निघाले. तीच मोटार माझे मेहुणे रोज सकाळी ओल्या हौदाच्या कठड्यावर उभे राहून हाताने सरकवत असत.

या उपकरणाच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर माझे लिहिणे अर्धवट ठरेल. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला आणि माणूस कोरड्या लाकडी स्टुलावर उभा असेल, तर आरसीसीबीला तो माणूस म्हणजे एक दिवाच वाटतो. तो पडणार नाही. भार जास्त झाला तरी तो पडत नाही, म्हणून एमसीबी त्याच्यासोबत हवाच. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेले एक छोटे बटण असते; ते महिन्यातून एकदा दाबायचे, तो पडला तर ठीक, नाही पडला तर बदलायचा. माझ्या ओळखीच्या घरांपैकी फार थोड्या घरांत हे बटण कधी दाबले गेले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खांबापासून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर त्याच्या कक्षेबाहेर असते. ती वायर पत्र्यावर घासून उघडी पडली तर घरातला आरसीसीबी काहीही करू शकत नाही. म्हणून पत्र्याच्या घरात सर्व्हिस वायर पत्र्याला टेकता कामा नये आणि कपड्यांची धातूची तार तर असताच कामा नये. वीस-तीस रुपयांच्या नायलॉनच्या दोरीवर कपडे तितकेच वाळतात. धातूची तार नसती, तर बातम्यांमधले कितीतरी लोक आज घरी असते असे मला मनापासून वाटते.

कुलर, हीटर यांबाबत सूचना दरवर्षी प्रसिद्ध होतात, त्या मी पुन्हा सगळ्या लिहीत नाही. फक्त तीन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. तीन पिनांचा प्लग तोडून किंवा प्लगच न लावता दोन उघड्या वायरी खोबणीत घालून आगपेटीच्या काडीने घट्ट केलेल्या मी अजूनही पाहतो. प्लगची वरची जाड पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब केलेली असते ती अर्थिंग आधी जोडले जावे आणि शेवटी सुटावे म्हणून, हे शाळेत प्रत्येक मुलाला दाखवले पाहिजे. दुसरे, कुलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढावा लागतो, कारण बटण न्यूट्रलवर असेल तर पंप बंद दिसूनही जिवंत राहतो. तिसरे, बादलीत सोडायचा पाणी तापवण्याचा १५०० वॉटचा हीटर साडेसहा अँपिअर घेतो आणि लोक तो सहा अँपिअरच्या, बऱ्याचदा लोंबकळणाऱ्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावतात, वर पाणी तापले का ते हात घालून बघतात.

आता धोरणाबद्दल. मी हे सगळे केवळ लोकांच्या निष्काळजीपणावर ढकलणार नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेतून गरीब कुटुंबांना वीजजोडणी मिळाली, ही फार मोठी गोष्ट झाली. त्या जोडणीत एक एलईडी दिवा आणि मोबाइल चार्जिंगचा एक पॉइंट दिला गेला. पुढे त्या एका पॉइंटवरून टीव्ही आला, पंखा आला, कुलर आला, नळाची मोटार आली आणि त्यासाठीची वायरिंग त्या कुटुंबाने स्वतः किंवा हातापाया पडून बोलावलेल्या शिकाऊ मुलाने केली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत, जे २०१० मध्ये आले आणि २०२३ मध्ये नव्याने काढले गेले, गळतीपासून संरक्षण देणाऱ्या उपकरणाची तरतूद आहे. पण ठरावीक भाराच्या खालच्या छोट्या घरगुती जोडण्यांवर तिची सक्ती नाही. सक्तीतून नेमकी ती घरे सुटतात जिथे भिंत कुडाची, छप्पर पत्र्याचे, अंगण चिखलाचे आणि अर्थिंग खिळ्याला गुंडाळलेले असते. तीस मिलिअँपिअरचा साधा आरसीसीबी साधारण दोन-अडीच हजारांत मिळतो. मोठ्या घराला तो परवडतो. रोजंदारीवरच्या कुटुंबाला तो पाच-सहा दिवसांच्या मजुरीएवढा पडतो आणि ते कुटुंब तो कधीच स्वतःहून विकत घेणार नाही. पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या सौर पॅनेलसाठी ७८ हजारांपर्यंत अनुदान देणाऱ्या शासनाला, दारिद्र्यरेषेखालील प्रत्येक जोडणीत मीटरच्या खाली एक आरसीसीबी बसवून देणे अशक्य नाही. माझी पहिली मागणी ही आहे.

दुसरी मागणी टेस्ट रिपोर्टची. नवीन जोडणी घेताना परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. तो अनेकदा वायरिंग न पाहताच सही होऊन मिळतो, हे या व्यवसायातल्या कोणालाही नाकारता येणार नाही. माझे कितीतरी विद्यार्थी आज हे काम करतात, म्हणून हे लिहिताना मला वेदना होतात. पण त्या कागदावर इन्सुलेशनचा आणि अर्थिंगचा जो आकडा लिहितो तो मोजलेला असलाच पाहिजे. घराची जोडणी तीस वर्षांपूर्वीची असेल, तर ती एकदा पुन्हा तपासून घेण्याची काही सोय ग्रामपंचायत पातळीवर हवी. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना निदेशकांच्या देखरेखीखाली हे काम देता येईल. त्यांनाही शिकायला मिळेल.

अपघात झाल्यावर काय करावे, हे एका परिच्छेदात सांगतो, कारण एका मृत्यूचे दोन आणि तीन इथेच होतात. चिकटलेल्या माणसाला हात लावू नका, तो तुमची आई असली तरी. आधी मेन स्विच पाडा; घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरच्या वायरी जिवंत असतात. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडी दांड्याने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने, स्वतः कोरड्या जागी उभे राहून, त्याला बाजूला ढकला. करंट सर्व्हिस वायरीचा किंवा तुटून पडलेल्या तारेचा असेल तर जवळ न जाता १९१२ वर कळवा आणि इतरांना रोखा. सुटका झालेला माणूस श्वास घेत नसेल तर हातपाय चोळत, तोंडावर पाणी मारत बसू नका; १०८ ला फोन लावून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती सुमारे पाच सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने दाबत राहा, रुग्णवाहिका येईपर्यंत.

शेवटी आपल्याला एक विनंती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे मरण पावतात. आपल्याकडे यातली प्रत्येक बातमी ‘विजेचा धक्का लागून मृत्यू’ एवढ्यावर संपते. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ मध्ये अशा अपघातांची सूचना देण्याची आणि विद्युत निरीक्षकाकडून चौकशी करवून घेण्याची तरतूद आहे. आपल्या वार्ताहरांनी पंधरा दिवसांनी त्या चौकशीचा पाठपुरावा करून चार ओळी पुन्हा छापाव्यात: तार कशाची होती, करंट कुठून आला, घरात आरसीसीबी होता का, असला तर तो जोडलेला होता की बायपास केलेला. आणि शक्य झाल्यास त्या घरात कुणाला आधी मुंग्या आल्या होत्या का, हेही विचारावे.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (वीजतंत्री), अकोला